लग्नाचे पाहुणे आणि संत्र्याचा बगीचा : कळमन्याच्या पट्ट्यात लॉन बांधावे की शिवारफेरी घडवावी?

तुळशीचे लग्न लागले की नागपुरात दोन हंगाम एकदम भरात येतात. कळमन्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डात आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या गाड्या पहाटेपासून उभ्या असतात, आणि संध्याकाळी भंडारा रोड, उमरेड रोड, काटोल रोडवरच्या लॉनवर रोषणाई लागलेली असते. या रस्त्यांवर अनेक लॉन कधीकाळी वावरेच होती. काहींत संत्र्याची झाडे होती, काहींत तूर-कपाशी.

म्हणून हल्ली शेतकऱ्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो : "डिंक्याने अर्धा बगीचा गेलाच आहे. उरलेली झाडे काढून लॉन करावे का?" प्रश्न विचारणारा हौशी नसतो. त्याने संत्र्याचा भाव पडताना पाहिलेला असतो. बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा मोठा ग्राहक. त्या देशाने आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवत २०२३ मध्ये किलोमागे ८८ रुपयांवर नेले, आणि बाहेर जाणारा माल देशांतल्या बाजारांत थांबला. त्याचा फटका वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडपासून कळमन्याच्या ढिगांपर्यंत बसला. फळाला भौगोलिक मानांकन आहे, नाव जगभर आहे, पण टनाचा भाव हातात नाही. अशा वेळी शेजारच्या वावरात एका रात्रीच्या लग्नाचे भाडे मिळताना दिसले, की मन तिकडे जाणारच.

या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर थोडे वेगळ्या बाजूने शोधू. लग्न वावरात लावायचे की नाही, यापेक्षा लग्नाला आलेला पाहुणा दोन दिवस काय करतो, हे पाहणे शेतकऱ्याच्या जास्त कामाचे आहे.

पाहुण्याचा रिकामा वेळ

पूर्वी वऱ्हाड बंडीने, रेंगीने, पुढे एसटीने यायचे, जानोशात उतरायचे आणि पंगत उठली की परत फिरायचे. आता चित्र बदलले आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. मुंबई-नाशिककडचा पाहुणा स्वतःच्या गाडीने येतो, दोन रात्री राहतो. हळद एका दिवशी, लग्न दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मधली सकाळ आणि दुपार मोकळी. यजमान मांडव, बिछायत आणि आचाऱ्यांच्या मागे पळत असतात. पाहुणा हॉटेलच्या खोलीत मोबाइल बघत बसतो, नाहीतर सीताबर्डीला चक्कर मारून येतो.

परदेशात लग्न करण्यापेक्षा देशातच करा, असे आवाहन पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०२३ च्या 'मन की बात'मध्ये केले. त्यानंतर राजवाडे, समुद्रकिनारे, मोठी हॉटेले यांची चर्चा खूप झाली. शेताची फारशी झाली नाही. खरे तर परदेशातल्या ज्या लग्नांचे लोकांना आकर्षण आहे, त्यातली बरीचशी शेतातच लागतात.

फ्रान्सचे उदाहरण घ्या. तिथल्या खेड्यातल्या लग्नाला लोक दोन-तीन दिवसांसाठी जातात. जुन्या वाड्यात किंवा शेतघरात लग्न असते, पाहुणे आजूबाजूच्या गावांतल्या शेतघरांत उतरतात. शेतघरे भाड्याने देण्याची तिथली 'जीत द फ्रान्स' ही संघटना १९५५ पासून काम करते आहे. लग्नाच्या आदल्या सकाळी कोणी द्राक्षमळ्यात जाऊन वाइन चाखते, कोणी चीज बनवणाऱ्याकडे जाते, कोणी गावच्या आठवडी बाजारात फिरते. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून उशिरा न्याहारी करतात आणि निघतात. यात शेतकऱ्याचा फायदा कुठे होतो? मांडवाच्या भाड्यात क्वचित. तो होतो पाहुण्याच्या गाडीच्या डिकीत जाणाऱ्या बाटल्या, चीज आणि मुरंब्याच्या बरण्यांमध्ये. तिथल्या कृषी चेंबरांनी १९८८ मध्ये 'बियँव्हन्यू आ ला फेर्म', म्हणजे 'शेतावर आपले स्वागत', हे जाळे उभे केले. एकच चिन्ह, ठरलेले निकष आणि त्यात बसणारी शेते. पाहुण्याला ते चिन्ह दिसले की आत काय मिळेल याचा अंदाज असतो.

आपल्याकडे हे जसेच्या तसे उतरणार नाही, आणि त्याचे कारण वाइन नव्हे. आपल्या लग्नात पाचशे माणसे असतात, आणि त्यातली निम्मी स्वतः शेतकरी किंवा शेतकऱ्याची पोरे असतात. यवतमाळहून आलेल्या कापूस उत्पादकाला 'ही बंडी, हा बैल' असे दाखवून पैसे मागितले, तर तो हसेल. त्याला दुसरेच काही हवे असते. कलम जंबेरीवर आहे की रंगपूर लाईमवर? ताण किती दिवस दिला? कळमन्याला विकले की बगीचा व्यापाऱ्याला झाडावरच दिला? असा पाहुणा एका तासात जे विचारतो, त्यातून बागायतदारालाही शिकायला मिळते. त्याच्याकडून पैसे घेऊ नयेत. तो दोन कॅरेट संत्री मात्र नक्की नेईल, भाव करून.

पैसे देणारा पाहुणा निराळा. पुण्या-मुंबईचे, हैदराबादचे, परदेशात राहणारे नातलग, मुलाचे कॉलेजातले मित्र, आणि लहान मुले असलेली कुटुंबे. एका लग्नात असे तीस-चाळीस लोक निघतात. आपले गिऱ्हाईक तेवढेच, असे समजून चालावे.

कोणत्या मुहूर्ताला शेतात काय असते

लग्नाच्या तारखा पंचांग ठरवते आणि शेतातले दृश्य बहार ठरवतो. दोन्ही एकत्र मांडून पाहिल्याशिवाय कुणाला शब्द देऊ नये.

कार्तिक-मार्गशीर्षातली लग्ने, म्हणजे साधारण नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबरचा मध्य, हा सर्वांत चांगला काळ. आंबियाची फळे झाडावर असतात, मौदा-रामटेक-पारशिवनीकडे धानाची कापणी-मळणी चाललेली असते, रामटेकच्या बाजूला तळ्यांतून शिंगाडे निघतात. हवा थंड असते. पौषात लग्ने थांबतात, तो हुरड्याचा काळ असतो, पण पाहुणे नसतात. संक्रांतीनंतर पुन्हा मुहूर्त सुरू होतात. माघ-फाल्गुनात मृग बहाराची संत्री तोडणीला आलेली असतात आणि आंबियाचा फुलोराही याच सुमारास असतो. फुलोऱ्यातल्या बगिच्याचा वास ज्याने एकदा घेतला, तो विसरत नाही. भिवापूर-मांढळच्या बाजूला या दिवसांत मिरचीचे सातरे भरलेले असतात. लालभडक मिरची वाळत पडलेली आणि बाया देठ खुडत बसलेल्या. पाहुण्यांना हे दृश्य फोटोत हवे असते. ते काम दिवसभर ठसका सोसून होते, हे त्यांना सांगावे, आणि बायांना विचारल्याशिवाय फोटो काढू देऊ नयेत.

एप्रिल-मे महिन्यांत मुहूर्त भरपूर, पण पारा ४५ अंशांवर. झाडावर विकण्याजोगे फळ नाही, विहिरीला पाणी कमी. या काळात सकाळी नऊनंतर कुणालाही वावरात नेऊ नये. उन्हाळी लग्नांसाठी शिवारफेरीचा नाद सोडून द्यावा, हेच माझे मत. पाहुण्यांना पहाटे रामटेकच्या गडावर किंवा धापेवाड्याच्या विठ्ठलाला पाठवा, येताना आपल्याकडे पन्हे आणि पाटवडी-रस्सा द्या, एवढे पुरे.

कळमन्याची सकाळ

शेताला जोडून कळमना दाखवता येतो, आणि माझ्या मते तेच या पट्ट्याचे खरे वेगळेपण आहे. संत्र्याचा बगीचा अमरावतीतही आहे. पण मोकळ्या संत्र्यांचे ढीग, भोवती अडते आणि खरेदीदार, टनावर बोलला जाणारा भाव, आणि तासाभरात तोच माल बाहेरगावच्या गाडीत भरला जाणे, हे पाहायला कळमन्यालाच यावे लागते. शहरातल्या माणसाने संत्री डझनाने पाहिलेली असतात. शेतकऱ्याला मिळालेला किलोचा भाव आणि त्याने स्वतः कालच दिलेला भाव यांतला फरक त्याला तिथे डोळ्यांनी दिसतो. त्याच सकाळी त्याला बगिच्यात नेले, तर शेतकऱ्याने सांगितलेल्या दराशी तो फारशी घासाघीस करत नाही.

मात्र कळमना ही सहलीची जागा नाही. हमाल पाठीवर ओझे घेऊन धावत असतात, गाड्या मागे घेतल्या जात असतात. चाळीस माणसांचा घोळका लिलावात घुसला तर कामाचा खोळंबा होईल आणि एखाद्याच्या पायावर चाकही जाईल. आठ-दहा जणांपेक्षा जास्त माणसे नेऊ नयेत. ओळखीच्या अडत्यामार्फत बाजार समितीला आधी कळवावे, सुट्टीचा दिवस विचारून घ्यावा, लहान मुले नेऊ नयेत. मिरची यार्डात तर दमा असलेल्या माणसाला मुळीच नेऊ नये.

बगिच्याची काळजी आधी

पाहुणा देव, हे खरे. पण तो देव बुटाला माती लावून येतो, आणि फायटोफ्थोरा मातीतूनच पसरतो. डिंक्या, मूळकूज, पायकूज या रोगांनी या पट्ट्यातले किती बगीचे उतरले, हे वेगळे सांगायला नको. एका बगिच्यातून दुसऱ्या बगिच्यात फिरणारे पाहुणे, आणि त्याहून जास्त त्यांच्या गाड्यांची चाके, ही माती आणतात. म्हणून रोगट झाडांच्या बाजूला फेरी नेऊ नये. फाटकाशी बूट झाडायला ब्रश आणि पाण्याचे भांडे ठेवावे. गाड्या धुऱ्याबाहेर, पडीक तुकड्यात. झाडाखाली गाडी लावू देऊ नये. संत्र्याची अन्न घेणारी मुळे वरच्या फूटभर थरात असतात आणि काळी जमीन ओली असताना दाबली गेली की हवा खेळत नाही. सावली पाहून ड्रायव्हर नेमका तिथेच गाडी लावतो.

दुसरी बाब पाण्याची. आंबिया बहार धरणारे डिसेंबरात झाडांना ताण देतात. नेमक्या याच दिवसांत पाहुणे येतात. हात धुण्याचे, भांड्यांचे, स्वच्छतागृहाचे पाणी ओळीत सोडले तर तेवढ्या झाडांचा ताण तुटतो आणि फुटवा वेगळा येतो. सांडपाणी परसबागेकडे किंवा शोषखड्ड्यात वळवावे. उन्हाळ्यात तर पाहुण्याला दिलेले प्रत्येक टँकर पाणी झाडाच्या वाट्याचे असते.

तिसरी गोष्ट फवारणीची. पाहुणा फळ तोडून तिथेच सोलून खातो. फवारणीची नोंदवही पाहून, औषधाच्या लेबलवर दिलेला काढणीपूर्व काळ उलटला आहे याची खात्री करूनच त्या ओळी उघडाव्यात. आदल्या दिवशी फवारणी झाली असेल तर ठरलेली फेरी रद्द करावी, कितीही ओळखीचे घर असो. औषधांची खोली कुलूपबंद, रिकाम्या बाटल्या नजरेआड नव्हे तर खरोखर हलवलेल्या.

तोडणीबाबतही नियम हवा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. फळ ओढून तोडले की देठाजवळ साल फाटते आणि ते दोन दिवसांत सडते. पाहुण्यांना कात्री द्या, देठासह कापायला शिकवा, एका झाडाला एकच कुटुंब लावा. मुलांना हा भाग सर्वांत आवडतो. फांद्यांना लोंबकळून फोटो काढणे सुरुवातीलाच बंद करावे.

आणि रानडुकरांसाठी लावलेले झटका कुंपण. पाहुणे येण्याआधी ते बंद केले का, हे घरातल्या एकाच माणसाने स्वतः पाहावे. 'भावाने केले असेल' यावर सोडू नये. विहिरीला कठडा नसेल तर त्या बाजूला दोरी बांधून माणूस उभा करावा. कठडा बांधणे अर्थात जास्त बरे.

हिशेब

पुढचे आकडे समजून घेण्यासाठी मांडले आहेत. आपापल्या गावचे दर घालून ते पुन्हा करावेत.

समजा चाळीस पाहुणे अर्ध्या दिवसासाठी आले आणि माणशी ३५० रुपये घेतले. जमा १४,००० रुपये. यात तर्री-पोहे आणि चहा, नंतर रोडगे-वांग्याची भाजी किंवा झुणका-भाकर, आणि प्रत्येकाला दोन किलो संत्री. खाण्याचा माल माणशी १०० रुपये धरला तर ४,०००. चार बायांची मजुरी २,०००. बंडी आणि सोबत फिरणारे दोघे १,५००. पाणी, पत्रावळी, साफसफाई १,०००. ८० किलो संत्री कळमन्याच्या ३० रुपये दराने २,४००. एकूण खर्च १०,९००, हातात ३,१००. मन खट्टू करणारी रक्कम आहे, मान्य. पण निम्म्या पाहुण्यांनी जाताना पाच-पाच किलो संत्री ५० रुपयांनी नेली, तर १०० किलोवर आणखी २,००० मिळतात, शिवाय तेवढ्या मालाची वाहतूक आणि हमाली वाचते. म्हणजे एका फेरीला पाच हजारांच्या आसपास. हंगामात बारा फेऱ्या झाल्या तर साठ हजार. आणि यात झाड एकही कापले नाही.

आता लॉन. समजा एक एकर बगीचा काढला आणि सपाटीकरण, स्वच्छतागृहे, खोल्या, जनरेटर, हिरवळ यांसाठी वीस लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी घेतले. पहिल्या वर्षाचे व्याजच २,२०,००० रुपये, म्हणजे महिन्याला अठरा हजारांवर. मुहूर्त मोजके, पावसाळ्यात धंदा बंद, आणि त्याच रस्त्यावर आणखी लॉन. दुसऱ्या बाजूला गेलेल्या झाडांचा हिशेब आहे. सहा बाय सहा मीटरवर एकरी १११ झाडे बसतात. झाडाला ६० किलो आणि किलोला ३० रुपये धरले तरी खर्च वजा न करता दोन लाखांचे फळ दरवर्षी जाते. ते परत आणायला पाच-सहा वर्षे लागतात. ज्यांची जमीन थेट मोठ्या रस्त्याला लागून आहे, हाताशी स्वतःचे भांडवल आहे आणि बगीचा तसाही संपलेला आहे, त्यांचा हिशेब कदाचित जुळेल. दोन किलोमीटर आत, कर्ज काढून, उभा बगीचा तोडून लॉन करू नये.

हंगामातले साठ हजार ही संसाराला पुरणारी रक्कम नाही, हेही तितकेच खरे. बगीचा तोट्यात असेल तर पाहुण्यांच्या फेऱ्या त्याला वाचवणार नाहीत. तिथे रोगमुक्त कलमे, निचरा, पाण्याचे नियोजन यांकडेच जावे लागेल, आणि त्यासाठी नागपुरातलीच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था जवळ आहे. फेऱ्यांचा पैसा औषधाचा, मजुरीचा काही भाग उचलतो. त्याहून मोठा लाभ पुढे दिसतो. लग्नात येऊन गेलेले पुण्याचे कुटुंब पुढच्या डिसेंबरात फोन करून दहा किलोची पेटी मागवते. अशी पन्नास कुटुंबे जोडली गेली, की चांगल्या प्रतीच्या मालाला कळमन्याबाहेरचा एक छोटा रस्ता मिळतो, आणि चुरी तेवढी बाजाराला जाते.

कागदपत्रे

महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. किमान एक एकर शेती असलेला शेतकरी पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करू शकतो. कृषी सहकारी संस्था, कृषी महाविद्यालये यांनाही ही सोय आहे. बारामतीजवळ पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास सुरू केलेल्या केंद्राने राज्यात ही वाट पाडली. पण या नोंदणीचा अर्थ लग्नाचे लॉन चालवण्याची परवानगी, असा कोणी घेऊ नये. शेतजमिनीचा कायम व्यावसायिक वापर करायचा तर अकृषक परवानगीचा प्रश्न येतो आणि तो तहसील कार्यालयात आधी विचारावा, बांधकाम झाल्यावर नव्हे. जेवण विकत देणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी मांडवाचे भाडे किंवा फेरीचे शुल्क हे शेतीचे उत्पन्न धरले जात नाही, त्याची वही वेगळी ठेवावी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम गावालाही लागू आहे.

कृषी सहायक आणि गटांच्या कार्यकर्त्यांना यात एक काम करता येईल. एकट्या शेतकऱ्याने चाळीस पाहुण्यांचा भार उचलण्यापेक्षा गावातल्या चार-पाच घरांनी वाटून घ्यावा. बगीचा एकाचा, जेवण बचत गटाच्या बायांचे, धानाची मळणी तिसऱ्याकडे, शिंगाडे तळ्यावरच्या ढिवर बांधवांकडून, आणि निघताना रामटेकचे कपुरी पान. दर एकच ठेवावा आणि तो फलकावर लिहावा. लॉनचालक, बिछायत केंद्रे, आचारी यांच्याकडे गटाचा फोन नंबर द्यावा, कारण लग्नाची तारीख आपल्याआधी त्यांना कळते.

हुरडा ठेवायचा असेल तर आतापासूनच तजवीज लागते. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा पीकेव्ही अश्विनी हा हुरड्यासाठीचा वाण आहे. त्याची पेरणी एकदम न करता दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीन तुकड्यांत करावी आणि संक्रांतीनंतरच्या मुहूर्तांशी जुळवावी. दाणा दुधात असण्याचे दिवस थोडेच असतात, आणि पाखरांना ते आपल्याआधी कळते. गोफण घेऊन एक माणूस तिथे लागेलच. पाहुण्यांची मुले ते काम फुकट करतील.